जन्मगाव वेल्स, मार्गे नगर

आमची ताई गेल्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाली. नगरच्या एका शाळेत तिने ३४ वर्षे इंग्रजी शिकवले. (२०२४ पासून गावाचे नाव अहिल्यानगर झाले आहे, हे मला ठाऊक आहे. पण पुढे जी हकीगत सांगायची आहे ती जुन्या नावाच्या काळातली, तेव्हा तेवढ्यापुरते नगर चालवून घ्यावे.) निरोप-समारंभात तिला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे एक भले मोठे घड्याळ मिळाले. ज्याला आता वेळेवर कुठेच पोचायचे नाही अशा माणसाला घड्याळ का देतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

निवृत्त माणसाने काय करावे, याचे आमच्या घराण्यात ठरलेले रिवाज आहेत. पुरुषांनी सकाळी फिरायला जावे आणि संध्याकाळी देश सुधारावा. बायकांनी नातवंडे सांभाळावीत आणि मधल्या वेळात गुडघे. ताई मात्र जुलैतल्या एका रविवारी आमच्याकडे आली, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, "मी बँकॉकला जाईन म्हणते."

"अरे वा! आमच्या शाखेतले दोघं नुकतेच जाऊन आले. चार रात्री, पाच दिवस, सकाळचा नाश्ता धरून—"

"सहलीला नाही. नोकरीला. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला."

माझा चहा चुकीच्या नळीत गेला. सौ.ने पाठीवर थापट्या मारल्या, त्या थोड्या जोरातच, कारण तिला ताईचे म्हणणे एकदम पटले होते.

"अरे, ३४ वर्षं मी अशांना शिकवलं, ज्यांचं सगळं लक्ष खिडकीबाहेर," ताई म्हणाली. "एकदा तरी असा वर्ग हवाय, की ज्यातली माणसं आपण होऊन आत येऊन बसली आहेत. आणि इतकी वर्षं पॅसिव्ह व्हॉइस शिकवला. आता जरा ॲक्टिव्ह होऊन बघते."

यावर काय बोलणार? भाऊजींना जाऊन सहा वर्षे झाली. भाचा बंगळूरला. घरात ताई आणि आता ते घड्याळ. दोघांपैकी टिकटिक कोणी करायची एवढाच प्रश्न.

तिने पिशवीतून अर्ज काढला. आमच्या घरात कुणाचाही अर्ज भरायचा असला की मला बोलावतात. वीस वर्षे लोकांचे अर्ज परत करण्यात गेल्यामुळे अर्ज नेमका कुठे अडतो हे मला कळते, असा एक समज आहे. आणि तो खरा आहे. मी चष्मा चढवला आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवले. मातृभाषा. खाली बारीक अक्षरांत सूचना : इंग्रजी ही मातृभाषा असणाऱ्यांना प्राधान्य.

"इथे अडणार," मी म्हणालो. मग आवाज उतरवून, "तू सरळ इंग्रजी लिही ना. कोण बघायला येतंय?"

हे वाक्य मी घरात बोललो म्हणून बरे. काउंटरवर बोललो असतो तर चौकशी लागली असती. ताईने माझ्याकडे असे पाहिले, की मी एकदम सहावी 'ब'मध्ये जाऊन बसलो.

"ॲना लिऑनोवेन्स माहीत आहे तुला?"

"कुठल्या शाखेत असतात?"

ताईने कपाळाला हात लावला. पुढच्या रविवारी तिने दोन जाडजूड पुस्तके आणून दिली. मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध जुन्या थकबाकीपुरता. पण ही पुस्तके मी तीन रविवारांत संपवली. कारण पहिल्याच प्रकरणात माझ्या लक्षात आले, की हे सगळे प्रकरण मुळात आमच्याच खात्यातले आहे. खातेदाराने अर्जात लिहिलेली माहिती आणि सोबत जोडलेले दाखले यांचा मेळ बसत नाही, एवढीच ती गोष्ट.

आधी बाईंनी स्वतः भरलेला अर्ज पाहू. नाव : ॲना लिऑनोवेन्स, माहेरची क्रॉफर्ड. जन्म : १८३४, वेल्स. वडील : फौजेत कॅप्टन, हिंदुस्थानात लढाईत कामी आले. पती : मेजर लिऑनोवेन्स, वाघाच्या शिकारीला गेले असता उन्हाचा तडाखा बसून सिंगापुरात निवर्तले. व्यवसाय : सयामच्या राजवाड्यात शिक्षिका. सयाम म्हणजे आजचे थायलंड.

अर्ज वाचून कुणीही उठून खुर्ची द्यावी. आणि जगाने दिलीही. बाई १९१५ साली वारल्या तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे ही माहिती कुणी पडताळून पाहिली नाही. मग १९७० च्या दशकात विल्यम ब्रिस्टो नावाचे एक इंग्रज गृहस्थ बाईंच्या मुलाचे चरित्र लिहायला बसले. हे ब्रिस्टो मूळचे कोळ्यांचे तज्ज्ञ. कोळी म्हणजे भिंतीवरचे, जाळी विणणारे. तेव्हा एखाद्या धाग्याचे टोक धरून कोपऱ्यापर्यंत कसे जायचे, याचा त्यांना सराव असणार. त्यांना मुलाचा जन्मदाखला हवा होता. तो मिळेना म्हणून आईचा शोधला, तोही मिळेना. शोधता शोधता ते ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या चर्चच्या नोंदवह्यांपाशी पोचले आणि त्यांना बाई सापडल्या. जन्म १८३१. गाव अहमदनगर.

होय, आपलेच. मी हे वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी सौ.ला हलवून उठवले आणि म्हटले, "अगं, ती बाई नगरची!" सौ. झोपेतच म्हणाली, "कोणाच्या?"

तर आता दाखल्यांप्रमाणे खरा उतारा असा. माहेरचे नाव क्रॉफर्ड नव्हे, एडवर्ड्स. (क्रॉफर्ड म्हटले की मुंबईकराला मंडई आठवते, बाईंना वडील आठवले.) वडील थॉमस एडवर्ड्स मूळचे सुतारकाम करणारे, कंपनीच्या मुंबई फौजेत सॅपर्स अँड मायनर्समध्ये सार्जंट; आणि लढाईत वगैरे नाही, तर मुलगी जन्मण्याच्या काही महिने आधीच वारलेले. आईचे वडील इंग्रज अधिकारी, पण आईची आई बहुधा इथलीच. आईने दुसरे लग्न केले तेही फौजेतल्याच एका आयरिश माणसाशी. पोरीचे बालपण बराकींत गेले, आज या छावणीत तर उद्या त्या. पुण्याच्या छावणीत वाढलेल्या मुलीच्या कानावर मराठी पडली नसेल, हे मला तरी पटत नाही. भांडणे ऐकून तरी शिकलीच असेल.

१८४९ च्या नाताळात, पुण्यात, अठराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा थॉमस लिऑन ओवेन्स. हुद्दा मेजर? छे! फौजेच्या कचेरीत कारकून.

इथे मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ छताकडे पाहत बसलो. इतिहासात कारकून फार क्वचित येतो. आला तरी हुकूम लिहून घेण्यापुरता. आणि इथे एक कारकून चक्क नायिकेचा नवरा म्हणून आला होता, तर बाईंनी त्याला मरणोत्तर बढती देऊन घालवून टाकले होते. वाघाची शिकार! बिचारा १८५९ साली पेनांगमध्ये वारला तेव्हा तिथे हॉटेल सांभाळत होता. ही हकीगत मी सौ.ला मोठ्या कळवळ्याने सांगितली. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय? वेळ आली तर मीही तुम्हाला मॅनेजर करून टाकीन." जिवंतपणी बढती मिळण्याची आशा मी सोडली आहे हे खरे, पण ही पर्यायी व्यवस्था घरात तयार आहे याची मला कल्पना नव्हती.

पण गंमत बाजूला ठेवून मधली दहा वर्षे पाहावीत. पहिली मुलगी दीड वर्षाचीही झाली नाही. पाठचा मुलगाही तान्हेपणीच गेला. नोकरीच्या शोधात नवरा-बायको सिंगापूरमार्गे १८५३ साली ऑस्ट्रेलियात पर्थला पोचली. तिथे नवरा पुन्हा कारकून आणि हिने मुलींची शाळा काढायचा प्रयत्न केला. एवढ्यात नवऱ्याच्या नावातले 'लिऑन' आणि 'ओवेन्स' एकमेकांना चिकटून लिऑनोवेन्स झाले. (आमच्या बँकेत अशी सही चालली नसती.) पुढे पेनांग. मग नवरा गेला. पदरी एव्हिस आणि लुई ही दोन लहान मुले, शिल्लक शून्य, वय अठ्ठावीसच्या आत.

बाईंनी सिंगापूर गाठले आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. आता विचार करा. अर्जात खरी माहिती लिहिली असती, म्हणजे नगरच्या बराकीत जन्मलेली, सार्जंटची मुलगी, आजी बहुधा देशी, कारकुनाची विधवा, तर सिंगापुरातल्या कुठल्या मडमेने आपली मुले तिच्या हाती दिली असती? इंग्रजी तेच, शिकवणारी तीच, फळ्यावरचा खडूही तोच. फक्त जन्मगाव बदलले की फी देणारे पालक येत होते. तिने जन्मगाव बदलले. वयातून तीन वर्षेही वजा केली, पण ती आपण सोडून देऊ. तेवढी सूट आमच्याकडेही चालते.

शाळा फारशी चालली नाही. आणि मग १८६२ साली सयामचे सिंगापुरातले वकील, तान किम चिंग नावाचे चिनी व्यापारी, यांच्यामार्फत बोलावणे आले. सयामचे राजे मोंगकुट यांना आपल्या राण्यांना आणि मुलांना इंग्रजी शिकवायला बाई हव्या होत्या.

या राजांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण सिनेमाने त्यांच्यावर फार अन्याय केला आहे. मोंगकुट हे गादीवर येण्यापूर्वी २७ वर्षे बौद्ध भिक्षू होते. त्या काळात त्यांनी फ्रेंच बिशपकडून लॅटिन आणि अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी शिकून घेतले. १८५१ साली राजे झाले तेव्हा वय ४६. एका बाजूला ब्रह्मदेशाचे लचके इंग्रज तोडत होते, दुसऱ्या बाजूला फ्रेंच येऊन टेकले होते. १८५५ साली इंग्रजांशी व्यापाराचा तह करावा लागला. या माणसाला कळले होते, की ज्याच्याशी करार करायचा त्याची भाषा आपल्याला आली पाहिजे. दुभाष्यावर विसंबून सही केली की राज्य जाते. आपल्याकडच्या किती संस्थानिकांना हे वेळेत कळले? हे राजे इंग्रजीत स्वतः पत्रे लिहीत. अमेरिकेच्या अध्यक्षांना त्यांनी १८६१ साली पत्र लिहून हत्ती देऊ केले होते. उत्तर लिंकनसाहेबांनी दिले : आभारी आहोत, पण आमच्याकडे वाफेची इंजिने आहेत. याहून सभ्य नकार मी आमच्या कर्ज विभागातूनही गेलेला पाहिलेला नाही.

राजवाड्यात आधी मिशनऱ्यांच्या बायका येऊन शिकवत असत. पण व्याकरणाबरोबर त्या धर्मही शिकवू लागल्या आणि तो वर्ग काही वर्षांत बंद पडला. म्हणून नव्या बाईंना पाठवलेल्या पत्रात राजांनी आधीच स्पष्ट केले होते : इंग्रजी शिकवा, शास्त्र शिकवा, साहित्य शिकवा, धर्मांतराचे बघू नका. पगार महिना १०० डॉलर.

मुलीला इंग्लंडच्या शाळेत पाठवून आणि छोट्या लुईचे बोट धरून बाई मार्च १८६२ मध्ये बँकॉकला उतरल्या. पुढचे सगळे प्रश्न बदली झालेल्या कुठल्याही नोकरदाराला पाठ असतील. पहिला प्रश्न, क्वार्टरचा. बाईंना राजवाड्याबाहेर स्वतंत्र घर हवे होते. त्यांनी लिहून ठेवले आहे, की बऱ्याच वाटाघाटींनंतर जे दाखवले ते बघून त्या उलट पावली परतल्या. दुसरा प्रश्न, जादा कामाचा. नेमणूक शिक्षिकेची, पण हळूहळू राजांचा इंग्रजी पत्रव्यवहारही गळ्यात पडला. शब्द अडला की राजे वेळी-अवेळी बोलावणे पाठवत. तिसरा प्रश्न, पगारवाढीचा. तो जगाच्या पाठीवर कुठेही जसा सुटतो तसाच सुटला, म्हणजे सुटला नाही.

वर्ग मात्र भरला. मुले होतीच, त्यांत पुढे राजा झालेला चुलालाँगकोर्न होता. पण ताईला त्या वर्गातले दुसरेच विद्यार्थी आवडतात, ते म्हणजे मोठ्या बायका. अंतःपुराच्या भिंतींच्या आत जन्म काढायचा, बाहेर पडायचे नाही, परीक्षा नाही, मार्क नाहीत, नोकरी तर नाहीच. तरी त्यांतल्या काही जणी पुस्तक उघडून बसत होत्या. बाईंनी सोन क्लिन नावाच्या राजाच्या एका बायकोबद्दल लिहिले आहे. तिने गुलामगिरीवरची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली आणि ती इतकी तिची झाली, की पत्राखाली ती स्वतःच्या नावाला त्या लेखिकेचे नाव जोडू लागली. बाईंच्या लिहिण्यातले किती खरे मानायचे हा प्रश्न आहेच. पण ताई म्हणते, "असा एक विद्यार्थी मला ३४ वर्षांत मिळाला नाही रे. माझ्या पोरांनी लेखकाचं नाव कधी उत्तरपत्रिकेतसुद्धा बरोबर लिहिलं नाही."

आता यातला माझ्या दृष्टीने सर्वांत हृदयद्रावक भाग. सव्वापाच वर्षांच्या नोकरीनंतर, १८६७ साली, तब्येत बरी नसल्याने बाई रजेवर गेल्या. रजेवर असताना त्या परत येण्याच्या चांगल्या अटींची बोलणी करत होत्या. इकडे १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. हे तेच ग्रहण, जे पाहायला फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्याकडे गुंटूरला येऊन बसले होते. राजांनी त्याचे गणित स्वतः केले होते. ते पाहायला लवाजमा घेऊन दलदलीच्या किनाऱ्यावर गेले, गणित बरोबर आले, आणि येताना मलेरिया घेऊन आले. १ ऑक्टोबरला ते वारले. रजेवर असताना साहेब बदलणे म्हणजे काय, हे मी नोकरदार वाचकांना सांगायला नको. मृत्युपत्रात बाईंचा आणि लुईचा उल्लेख होता, पण हाती काही आले नाही. पंधरा वर्षांच्या नव्या राजाने आपल्या बाईंना फार सुंदर आभाराचे पत्र लिहिले. त्यात परत या, एवढेच नव्हते.

पुन्हा शून्य शिल्लक. मग बाईंनी अमेरिकेत जाऊन लेखणी उचलली. १८७० आणि १८७३ साली सयामवर दोन पुस्तके लिहिली आणि ती खपावीत म्हणून त्यांत तिखटमीठ घातले. राजा क्रूर, राजवाड्याखाली तळघरातल्या अंधारकोठड्या वगैरे. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ, की तिथे तळघर खणले तर विहीर होईल, असे जाणकारांनी पुढे दाखवून दिले. पण तोवर उशीर झाला होता. १९४४ साली एका अमेरिकन लेखिकेने त्यावर कादंबरी लिहिली, १९५१ साली तिची संगीतिका झाली, १९५६ साली सिनेमा. सत्तावीस वर्षे चिवर नेसलेला, ग्रहणाचे गणित मांडणारा राजा पडद्यावर पाय आपटत नाचू लागला. थायलंडने त्या सिनेमावर बंदी घातली, ती मला तरी समजू शकते. बाईंनी स्वतःचा अर्ज खोटा भरला त्यात नुकसान कुणाचे झाले नसेल. पण राजाचा गोपनीय अहवाल खोटा लिहिला, आणि त्याचे नुकसान दीडशे वर्षांत भरून निघालेले नाही.

याची जाणीव बाईंना शेवटी दिली गेली. १८९७ साली लंडनमध्ये राजा चुलालाँगकोर्न आणि त्याची म्हातारी शिक्षिका यांची भेट झाली. राजाने प्रेमाने विचारपूस केली. बाईंच्या नातीने पुढे सांगितले, की माझ्या वडिलांवर तुम्ही असे का लिहिलेत, असेही त्याने विचारले. आपल्याच विद्यार्थ्याने आपली वही तपासावी, याहून कठीण परीक्षा शिक्षकाची नसेल.

बाईंचा शेवट मात्र चांगला झाला आणि तो कुणामुळे, हे सांगताना माझी छाती फुगते. मुलगी एव्हिस हिने १८७८ साली लग्न केले ते बँक ऑफ नोव्हा स्कोशियामधल्या थॉमस फिश या गृहस्थांशी. हुद्दा कॅशियर! तिकडे त्या काळी कॅशियर म्हणजे बँकेचा मुख्य अधिकारी, हे सौ.ने तळटीप वाचून मला ऐकवले, पण शब्द तोच आहे. जावयाने बाईंची पैशाची चिंता कायमची मिटवली. मग बाईंनी कॅनडात हॅलिफॅक्सला १८८७ साली इतरांबरोबर कलाशाळा काढली आणि म्हातारपणीही शिकवणे सोडले नाही. कारकुनाला मेजर करून सुरू झालेले खाते शेवटी बँकवाल्याने मिळते केले.

हे सगळे वाचून मी पुस्तके परत करायला ताईकडे गेलो. अर्ज टेबलावर तसाच होता. सातवा रकाना कोरा.

"बघ," मी म्हणालो, "तिने खोटं लिहिलं म्हणून तर नोकरी मिळाली."

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिची दोन मुलं उपाशी होती. मी तिला नापास करणार नाही. पण एक सांग, तिने वेल्स लिहिलं, त्यामुळे पुढे काय झालं? नगरची बाई उत्तम इंग्रजी शिकवू शकते, हे शंभर वर्षं कुणाला कळलंच नाही. तिच्यानंतर त्या रांगेत जी उभी राहिली, तिला पुन्हा तोच रकाना. मला उपाशी राहायची वेळ नाही, माझं निवृत्तिवेतन तुमच्याच बँकेत जमा होतं. मग मी तरी खरं लिहायला काय हरकत आहे?"

आणि तिने आपल्या त्या वळणदार अक्षरात लिहिले : मराठी. जन्मगावापुढे : अहमदनगर. शेवटी एक ओळ वाढवली, की आमच्या गावच्या एका बाईंनी १८६२ पासून पाच वर्षे आपल्या शहरात हीच नोकरी केलेली आहे, कृपया पाहावे.

खाली जवळच्या नातेवाइकाचे नाव आणि हुद्दा विचारला होता. तिने माझे नाव घातले. पेन हुद्द्यापाशी थबकले तेव्हा मी हळूच म्हणालो, "अधिकारी लिहिलंस तरी—"

"लिपिक," असे मोठ्याने म्हणत तिने लिहिले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. अनुभव प्रशंसनीय आहे, परंतु. 'परंतु'नंतरचे मी वाचले नाही, रोज लिहीतच असतो. ताई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी तिने दुसऱ्या एका शहरातल्या संस्थेचा अर्ज काढला आणि मला हाक मारली. त्यातही तोच रकाना आहे, फक्त या वेळी पाचवा. ताईने पुन्हा मराठीच लिहिले आहे. अक्षर मात्र मला मघापेक्षा जरा मोठे वाटले.